नायिकेचा पोरखेळ आणि त्याची किंमत



कामगार चळवळीतील माणसाने व्याख्यानमालेत यावे आणि बोनस-महागाईभत्ता सोडून सिनेमातील नायिकेवर बोलावे, याचे पुष्कळांना नवल वाटले असेल. पण हा विषय आम्ही मुद्दाम निवडला आहे. वयाने पंचवीस आणि वागण्याने सात वर्षांची अशी एक नायिका पडद्यावर वारंवार येते. ती ऐन वेळी रुसते, भलता हट्ट धरते, सगळ्यांची त्रेधा उडवते आणि शेवटी नायक तिलाच वरतो. थिएटरबाहेर पडताना एक म्हणतो, ‘काय गोड पोर आहे!’ दुसरा म्हणतो, ‘डोक्याला ताप!’ हा केवळ आवडीनिवडीचा वाद आहे, असे आम्हांला वाटत नाही. या वादाला इतिहास आहे, आणि त्या इतिहासात पैशाचा हिशेब आहे.

या नायिकेचा पहिला मोठा बहर आला तो अमेरिकेत, १९३० नंतरच्या दशकात. ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. १९३३ मध्ये त्या देशातील दर चार कामगारांमागे सुमारे एक बेकार होता. अशा वेळी हॉलिवूडने श्रीमंतांच्या लाडावलेल्या मुलींची थट्टा विकायला काढली. १९३४ सालच्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’ या फ्रँक काप्राच्या चित्रपटात अशीच एक धनिककन्या बापाच्या बोटीवरून उडी टाकून पळते आणि बसमधून प्रवास करताना एका बातमीदाराच्या गळ्यात पडते. आपल्याकडे १९५६ साली आलेला राज कपूर-नर्गिस यांचा ‘चोरी चोरी’ याच कथेवर बेतलेला होता. १९३४ च्याच जुलैपासून अमेरिकेत चित्रपटांची नीतिसंहिता कडकपणे अमलात आली. शृंगार उघड दाखवता येईना, तेव्हा प्रेम दाखवायचे ते भांडणातून, खोड्यांतून आणि धडपडण्यातून, ही रीत पक्की झाली. नायिकेचा पोरकटपणा हा असा काही अंशी सेन्सॉरच्या कात्रीतून जन्मला.

या मालिकेतील आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा चित्रपट म्हणजे ग्रेगरी ला काव्हा यांचा ‘माय मॅन गॉडफ्रे’, साल १९३६. न्यूयॉर्कच्या ईस्ट नदीकाठच्या उकिरड्यावर बेकार माणसे झोपड्या घालून राहत आहेत. तिकडे बड्या हॉटेलात धनिकांचा खेळ चालला आहे : यादीतल्या निरुपयोगी वस्तू जो आधी आणील तो जिंकला. त्या यादीत एक ‘विसरलेला माणूस’ही आहे. हे शब्द रूझवेल्ट यांनी एप्रिल १९३२ च्या रेडिओ भाषणात तळच्या गरिबांसाठी वापरले होते. चित्रपटातील धनिकांनी त्याची वस्तू करून टाकली. कॉर्नेलिया ही थोरली बहीण पाच डॉलरचे आमिष दाखवून गॉडफ्रेला न्यायला येते. तो तिला राखेच्या ढिगात बसवतो. धाकटी आयरीन हे पाहून खूश होते, त्याच्यासह डाव जिंकते, आणि माणसांशी असले खेळ पुन्हा खेळायचे नाहीत असे ठरवून त्याला आपल्या घरी बटलर ठेवते. कॅरोल लोम्बार्डने रंगवलेली ही आयरीन पुढे रडते, रुसते, मूर्च्छेचे सोंग घेते आणि अखेर गॉडफ्रेला नीटसे विचारतही नाही. त्याच्याशी लग्नच लावून घेते.

आम्ही हा चित्रपट प्रथम पाहिला तेव्हा चिडलो. बाहेर माणसे उपाशी, आणि ही बया रुसून बसते! पुढे तो आम्ही संघटनेच्या खोलीत भिंतीला चादर लावून घरकामगार भगिनींना दाखवला; बाजूला उभे राहून गोष्ट मराठीत सांगत गेलो. मालकवर्गाच्या पोरकटपणावर बोलायची आमची तयारी होती. पण आयरीन आली की बाया पोट धरून हसत. त्या गप्प झाल्या एकाच ठिकाणी. कॉर्नेलिया मोत्यांची माळ गॉडफ्रेच्या गादीखाली लपवते आणि पोलिसांना बोलावते, तिथे खोलीत चिटपाखरू उरले नाही असे वाटले. नंतर एक वयस्क बाई म्हणाल्या, ‘दादा, धाकटी येडी हाय, पर लबाड न्हाई. येड्या मालकिणीकडं दिस निघतो. भ्या वाटतं ते शान्या मालकिणीचं.’ त्यांच्यावर एकदा अंगठीचा आळ आला होता. अंगठी पुढे मालकिणीच्याच कपाटात सापडली. माफी कोणी मागितली नाही.

त्या बोलण्याने आमचा निम्मा राग गेला. समंजसपणा आणि चांगुलपणा यांची आम्ही गल्लत करत होतो. कॉर्नेलिया पुरती प्रौढ आहे, म्हणूनच ती घातक आहे. आयरीनला जगाची अक्कल नाही; पण तिच्या मनात समोरचा माणूस माणूसच आहे.

उरलेला निम्मा राग मात्र अजून आहे. त्या घरात मॉली नावाची मोलकरीण आहे. तिचेही गॉडफ्रेवर प्रेम बसते. आयरीन प्रेमापायी जमिनीवर कोसळू शकते. मॉली कोसळली तर ताटे कोण उचलणार? तिच्या प्रेमाचे पुढे काय झाले, हे चित्रपट विचारीत नाही. शिवाय गॉडफ्रे शेवटी बॉस्टनच्या श्रीमंत घराण्यातलाच निघतो. म्हणजे पोरखेळाचे बिल चुकवायची वेळ आली आणि चित्रपटाने खिशात हात घातलाच नाही.

लोकांची रुची बदलते, हेही खरे. १९३८ साली ‘ब्रिंगिंग अप बेबी’ मध्ये कॅथरिन हेपबर्नने अशीच एक वादळी मुलगी रंगवली. ती पाळलेला बिबट्या घेऊन एका गरीब स्वभावाच्या शास्त्रज्ञाच्या आयुष्याची धूळधाण करते. चित्रपट तोट्यात गेला. त्याच मे महिन्यात थिएटरमालकांच्या एका संघटनेने ज्या नटनट्यांना गल्ल्याला विष ठरवले, त्यांत हेपबर्नचे नाव होते. तोच चित्रपट १९९० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतनासाठी निवडला गेला. चित्रपटातला एक शब्द बदलला नव्हता. बदलले होते पाहणारे.

मग नायिका गोड की त्रासदायक? आमची कसोटी साधी आहे. तिच्या खेळाची किंमत ती स्वतः मोजत असेल, निदान दुसऱ्यावर पडलेला भार तिला दिसत असेल, तर ती गोड. तो भार मोलकरणीच्या डोक्यावर टाकून ती पुढे नाचत गेली, तर ती त्रासदायक. मग तिचे हसू कितीही मोहक असो.

पोरपण हा काही गुन्हा नव्हे. त्या रात्री खोलीत हसणाऱ्या बायांपैकी कित्येकींनी वयाच्या दहाव्या वर्षी दुसऱ्याच्या घरची भांडी हातात घेतली होती. आठवड्याला एक पगारी सुट्टी मिळावी, ही त्यांची साधी मागणी आहे. ती घेऊन आम्ही दारोदार जातो, तेव्हा लोक विचारतात, ‘सुट्टी घेऊन या करणार काय?’ आमचे उत्तर असे की, काहीही न करण्याचा, थोडे रुसण्याचा, थोडे खिदळण्याचा हक्क आयरीनइतकाच मॉलीलाही आहे.