डॉक्टरसमोर फक्त ‘हो जी’ म्हणून उठू नका

पोस्ट जरा लांब आहे. पण घरात सिकलसेलचा पेशंट असेल, कोणाला कधी रक्त चढलं असेल, तर पूर्ण वाचा.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत दवाखान्यातली एक सवय जुनी आहे. डॉक्टर बोलतात, आपण ‘हो जी’ म्हणतो, चिठ्ठी घेतो आणि बाहेर येऊन कंपाउंडरला विचारतो, ‘काय म्हणले जी साहेब?’ साध्या तापात हे खपून जातं. हिपॅटायटीस सी मध्ये नाही खपत. का, ते या आजाराच्या इतिहासातच दिसतं.

हा विषाणू १९८९ पर्यंत ओळखताच येत नव्हता. रक्त घेतलेल्यांना कावीळ व्हायची, तपासणीत ना ए निघायचा ना बी. म्हणून डॉक्टर त्याला ‘नॉन-ए, नॉन-बी’ म्हणायचे. या शोधाबद्दल हार्वे ऑल्टर, मायकल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चं नोबेल मिळालं. आपल्या देशात रक्ताच्या प्रत्येक पिशवीची सी साठी तपासणी सक्तीची झाली ती २००१ मध्ये. त्याआधी पैसे घेऊन रक्त विकणारेही होते. ‘कॉमन कॉज’ ही संस्था सुप्रीम कोर्टात गेली, ४ जानेवारी १९९६ ला निकाल लागला आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्ताची विक्री बंद झाली. हे आपोआप झालं नाही. कोणीतरी विचारलं, म्हणून झालं.

औषधाचंही तसंच. आधी इंटरफेरॉनची इंजेक्शनं आणि रिबाविरिनच्या गोळ्या असायच्या, सहा महिने ते वर्षभर. ताप, अंगदुखी, मन खचणं. त्यात रिबाविरिनने लाल पेशी फुटतात. सिकलसेलवाल्याचं रक्त आधीच कमी, त्याला हे औषध किती जड जाईल, सांगायला नको.

डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसबुविर नावाची गोळी आली. १२ आठवड्यांचा खर्च ८४ हजार डॉलर, म्हणजे तेव्हाचे ५० लाखांच्या वर रुपये! भारतात तिच्या पेटंटला हरकत घेणाऱ्यांत दिल्लीतली एचआयव्ही बाधितांची संघटना होती. म्हणजे खुद्द पेशंट. हरकती चालू असतानाच सप्टेंबर २०१४ मध्ये कंपनीने भारतीय कंपन्यांना परवाने दिले आणि २०१५ पासून इथे स्वस्त गोळ्या मिळू लागल्या. २८ जुलै २०१८ ला राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आता सरकारी उपचार केंद्रात तपासणी आणि गोळ्या फुकट आहेत. आपलं केंद्र कोणतं, ते जिल्हा रुग्णालयात विचारा.

बोलणारी माणसं आपल्याकडेही झाली. नागपूरचे संपत रामटेके डॉक्टर नव्हते. सिकलसेलच्या पेशंटसाठी ते सरकारदरबारी वर्षानुवर्षं भांडले. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आला. २०१८ मध्ये रामटेकेंना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आदिवासींनाच विचारलं, दवाखाना कसा पाहिजे? लोकांनी सांगितलं. म्हणून शोधग्राममध्ये झोपड्यांसारखे वॉर्ड झाले, नातेवाइकांना सोबत राहायची सोय झाली आणि दवाखान्याला माँ दंतेश्वरीचं नाव मिळालं. जंगलातला माणूस बोलत नाही, हे खोटं आहे. त्याला कोणी विचारत नाही.

मग डॉक्टरसमोर बोलायचं काय?

पहिलं, स्वतःहून सांगा: सिकलसेल आहे, रक्त कधी कधी चढलं, किडनीचा त्रास आहे का. टीबीचं औषध चालू असेल तर नक्की सांगा. त्यातल्या रिफाम्पिसिनमुळे सोफोसबुविरचा असर कमी होतो. फिटच्या काही गोळ्यांचंही तसंच आहे. जडीबुटी घेत असाल तर तीही लपवू नका.

दुसरं, विचारा: अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली, आता व्हायरल लोड करायचा ना? कारण आजार बरा झाला तरी अँटिबॉडी रक्तात राहते. हिपॅटायटीस बी तपासला का? या गोळ्यांनी दबलेला बी उसळू शकतो. मला रिबाविरिन देणार का? दिलं तर हिमोग्लोबिन किती दिवसांनी तपासायचं?

तिसरं, गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी पुन्हा व्हायरल लोड करा. त्यात विषाणू निघाला नाही तरच बरं झालं म्हणायचं. त्रास झाला म्हणून मनानेच औषध बंद करू नका, जाऊन सांगा.

प्रश्न घरूनच कागदावर लिहून न्या. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीकडून लिहून घ्या. गोंडी किंवा माडियाच समजत असेल तर आशाताईला सोबत न्या. सगळे कागद एका थैलीत ठेवा. ओपीडीत गर्दी असते, डॉक्टरलाही वेळ नसतो, हे मान्य. पण दोन मिनिटं मागण्यात उद्धटपणा नाही. ‘साहेब, समजलं नाही, परत सांगा जी,’ एवढं म्हटलं तरी पुरे.