शाळेचें दप्तर आणि शाळेची आठवण

जुन्या शाळांचा इतिहास लिहावयाचा म्हणजे प्रथम दप्तर धुंडाळावें, हजेरीपट व प्रवेशाचीं रजिस्टरें मिळवावीं, हें संशोधनाच्या रीतीस धरूनच आहे. परंतु त्या शाळांतून शिकलेल्यांनीं मागाहून लिहिलेल्या आठवणींकडे संशोधक बहुधा साशंकतेनें पाहतात. उतारवयांत छडीचा वळही गोड वाटूं लागतो, असा त्यांचा आक्षेप. व तो अगदींच निराधार नाहीं. तथापि दप्तर आणि आठवण हीं शेजारीं शेजारीं मांडिलीं असतां काय निष्पन्न होतें, तें सातारा या एकाच गांवच्या दोन उदाहरणांवरून दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पहिलें उदाहरण १८७५ सालचें. मुरूडचे विद्यार्थी धोंडो केशव कर्वे मराठी सहावीच्या परीक्षेकरितां सुमारें ११० मैलांची वाट पायीं तुडवून, सह्याद्रि ओलांडून साताऱ्यास आले. परीक्षेस सतरा वर्षांची अट होती. कर्व्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा. तेव्हां अट पुरी झालेली होती. परंतु ते दिसावयास लहान, एवढ्यावरून त्यांस परीक्षेस बसूं दिलें नाहीं. या प्रसंगाची हकीकत १९१५ सालच्या त्यांच्या ‘आत्मवृत्ता’मुळें आपणांस कळते. ज्या विद्यार्थिदशेंत हा आघात झाला, तिच्यांतच सोमण गुरुजींसारखे शिक्षक लाभले, याची कृतज्ञताही कर्व्यांनीं जन्मभर बाळगिली. नुसत्या उत्तीर्णांच्या यादीवरून यांतील एकही गोष्ट हातीं लागणार नाहीं.

दुसरें उदाहरण याहून गंभीर आहे. साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलाच्या, म्हणजे आतांच्या प्रतापसिंह हायस्कुलाच्या, रजिस्टरांत ७ नोव्हेंबर १९०० रोजीं १९१४ या क्रमांकावर भिवा रामजी आंबेडकर यांचा प्रवेश नोंदलेला आहे. केवळ ही नोंद पाहणारा म्हणेल कीं, शाळेचें दार सर्वांस खुलें होतें. परंतु बाबासाहेबांच्या स्वहस्ताक्षरांतील आठवणी निराळेंच सांगतात. वर्गांत एका कोपऱ्यांत निराळें बसावयाचें. बसण्याचें गोणपाट रोज घरून आणावयाचें व सायंकाळीं परत न्यावयाचें, कारण झाडलोट करणारा नोकर त्यास शिवत नसे. शिपायानें नळ सोडला तरच पाणी, एरव्हीं तहान तशीच. आणि त्यांच्याच दुसऱ्या आठवणींत, आपल्या शिदोरींतील भाजीभाकरी मायेनें देणारे आंबेडकर आडनांवाचे शिक्षकही येतात.

या परस्परविरुद्ध आठवणींची गोळाबेरीज करून सरासरी काढण्याचा मोह आवरला पाहिजे, असें आमचें मत आहे. शिक्षकाच्या मायेनें गोणपाटाचा अन्याय पुसला जात नाहीं; अन्यायामुळें ती मायाही खोटी ठरत नाहीं. एक व्यक्तीचा स्वभाव दाखविते, दुसरी समाजाचा नियम दाखविते. आणि दोहोंची नोंद निरनिराळी ठेवणें हेंच इतिहासकाराचें काम. तारीख, वय व क्रमांक यांपुरतें दप्तर प्रमाण मानावें. वर्गांत कोण कोठें बसलें व कोणास पाणी मिळालें, याविषयीं आठवणीवांचून गत्यंतर नाहीं.

मात्र आठवणी लिहून ठेवितात ते बहुधा शिक्षणानें पुढें आलेले. मध्येंच शाळा सुटलेल्या मुलाचें आत्मचरित्र सहसा उपलब्ध नसतें, व जो उंबरठ्याच्या आंत आलाच नाहीं त्याचें तर रजिस्टरांत नांवही नसतें. ही उणीव ध्यानांत धरूनच आठवणींचा उपयोग केला पाहिजे.

संग्राहकांस आमची विनंति एवढीच. बाबासाहेबांचें वरील हस्तलिखित छापून प्रसिद्ध झालें तें १९९० सालीं, म्हणजे त्यांच्या निधनानंतर ३४ वर्षांनीं; तोंवर तें कोणीं जपलें म्हणूनच आज उपलब्ध आहे. घरोघरच्या जुन्या पेट्यांत बखरी व सनदा शोधतांना शाळकरी वह्या, उजळण्या व आठवणींचे सुटे कागद हातीं आल्यास ते रद्दींत जाऊं देऊं नयेत. मजकूर कडू असला तर ते अधिकच काळजीनें जतन करावे. कारण गोड आठवणी लोक सांगत राहतात, कडू आठवणी कागदाबरोबर नाहींशा होतात.