कात्रजचा नळ आणि तळचा गाळ

शनिवारवाड्यांतील हजारी कारंज्याचें वर्णन करतांना लेखण्या थकत नाहींत. परंतु त्याच्या बारीक तोट्या पावसाळ्यांतल्या गढूळ पाण्यानें बुजूं नयेत म्हणून काय योजना होती, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. पाणी गांवांत आणणें ही एक विद्या. त्या पाण्यांतील माती वेगळी करून ती दूर सारणें ही दुसरी. पुण्याच्या जुन्या कारागिरांना या दोन्ही अवगत होत्या.

पूर्वीं पुण्याचा निर्वाह मुठा नदीवर आणि आडविहिरींवर चाले. पेठांमागून पेठा वसल्या, तेव्हां नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत, १७४९ च्या सुमारास, कात्रजच्या डोंगरपायथ्याशीं तलाव बांधून तेथून शहरापर्यंत बंदिस्त नळ आणण्याचें काम हातीं घेण्यांत आलें. अंतर सुमारें अडीच कोस, म्हणजे आठ किलोमीटर. नळ म्हटल्यावर आज लोखंडी नळी डोळ्यांपुढें येते. हा नळ म्हणजे आंतून माणूस चालूं शकेल असें दगडचुन्याचें भुयारच होतें. केवळ उताराच्या बळावर पाणी वाहत येई आणि पेठोपेठींच्या हौदांत पडे. पुढें नाना फडणीसांनीं आंबेगांवाकडून व सरदार रास्त्यांनीं कोंढव्याकडून आपापले वेगळे नळ आणले.

कात्रजचा तलाव एक नव्हे, दोन आहेत, आणि सारें मर्म येथेंच आहे. डोंगरावरून धांवत येणारें मातकट पाणी वरच्या तलावांत थबके. जड माती तेथेंच तळाशीं बसे, व वरचें निवळलेलें पाणी खालच्या तलावांत उतरे. नळांत शिरल्यावरहि त्याची परीक्षा संपत नसे. वाटेंत ठिकठिकाणीं ‘उच्छ्वास’ बांधलेले होते. जमिनीवर डोकावणारे हे दगडी मनोरे कोंडलेली हवा सोडीत, हें नांवावरूनच कळतें. पण त्यांचें दुसरें काम अधिक मोलाचें. त्यांच्या तळाशीं नळाच्या पातळीहून खोल कुंड असे. उरलेला गाळ त्यांत पडे, आणि माणूस आंत उतरून तो उपसून काढी.

यांतलें शास्त्र केंब्रिजचा गणितज्ञ स्टोक्स यानें १८५१ सालीं सूत्रांत मांडलें. मिलिमीटरच्या दशांशाएवढा वाळूचा कण एक मीटर खोल पाण्यांत सुमारें दोन मिनिटांत तळ गांठतो. तोच कण शंभरपट बारीक असला, तर त्याला बारा-तेरा दिवस लागतात, आणि तेंहि पाणी अगदीं स्तब्ध असेल तर! म्हणूनच नुसता तलाव बांधून चिकणमातीचा गढूळपणा पुरता जात नाहीं. आपल्या घरांत माठाला निवळीचें बीं घांसत किंवा पाण्यांत तुरटी फिरवीत, तें याचसाठीं. त्यायोगें बारीक कण एकमेकांस चिकटून जड होतात व लवकर बसतात. सुश्रुतानें निवळीचा हा गुण नोंदविलेला आहे. नव्या जलशुद्धीकरण केंद्रांतहि तुरटीचेंच काम चालतें. फक्त माठाच्या जागीं प्रचंड टाक्या असतात.

मात्र एक फरक झाला. तलावांतला जुना गाळ म्हणजे नुसती माती. तो शेतांत पसरला तर पीक तरारतें, त्यामुळें त्याला गिऱ्हाईक होतें. तुरटीनें बसविलेला गाळ लिबलिबित असतो. त्यांत मातीपेक्षां पाणीच अधिक. तो वाळवावा लागतो, दाबून पिळावा लागतो, आणि एवढें करूनहि तो कोठें टाकावा हें उरतेंच.

खाणींत हाच प्रश्न उग्र रूप धरतो. गंधकयुक्त खनिजांतून झिरपणारें पाणी आम्ल होतें. त्यांत चुना मिसळला कीं विरघळलेलें लोखंड पिवळसर तांबड्या गाळाच्या रूपानें खालीं बसतें. हा गाळ शेताच्या कामाचा नाहीं. सुधारलेल्या पद्धतींत बसलेला गाळ थोडा परत फिरवून चुन्यांत कालवितात. जुन्या कणांवर नवे थर चढतात, आणि तोच गाळ घट्ट होऊन कमी जागेंत मावतो. कात्रजच्या गवंड्याला हें ऐकून मौज वाटली असती! जेथें अशा राड्याची हेळसांड होते तेथें काय घडतें, तें ब्राझीलमधील ब्रुमाडिन्यो येथें २५ जानेवारी २०१९ रोजीं दिसलें. लोखंडाच्या खाणींतील राडा अडविणारा बांध फुटला व २७० माणसें गेलीं. गोव्याच्या डिचोली-सत्तरी भागांतील शेतकऱ्यांनींहि खाणींतली माती पावसांत भातखाचरांवर उतरल्याचीं गाऱ्हाणीं वर्षानुवर्षें केलीं आहेत.

पुण्यांत कात्रजच्या नळाचें महत्त्व ओसरलें तें खडकवासल्यामुळें. तें धरण १८७९ सालीं पुरें झालें. विपुल पाणी आलें, आणि जुन्या नळाची निगा मागें पडली. कात्रजभोंवतीं वस्ती दाटली, तेव्हां मातीच्या जोडीला सांडपाणीहि तलावांत येऊं लागलें. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं त्या डोंगरांत पाऊस कोसळला. तेथूनच निघणाऱ्या आंबिल ओढ्याचें पात्र गाळ, राडारोडा व बांधकामें यांनीं आखडलेलें होतें. पूर कांठच्या घरांत शिरला आणि प्राणहानि झाली. नळाचे कित्येक उच्छ्वास त्यापूर्वींच वाढत्या शहरांत मोडून वा बुजून गेले होते, आणि त्यांबरोबर आंत उतरून गाळ उपसण्याची वाटहि बंद झाली होती.