टॉमचे दात कोणाच्या हातचे?

कामगार दिनाच्या निमित्ताने कार्टूनवर लिहितोय. हसू नका, शेवटपर्यंत वाचा.

लहानपणी टॉम अँड जेरी बघताना मला कायम वाटायचं की हा टॉम मध्येच बदलतो. एका प्रसंगात गोल, गुळगुळीत, शहाण्यासारखा वागणारा. पुढच्याच प्रसंगात तोच टॉम टोकदार, दात विचकलेला, अंगाचं पार रबर झालेलं. मला वाटायचं डोळ्यांचा भास असेल. पुष्कळ वर्षांनी कळलं की भास नव्हता, हात वेगळे होते. गुळगुळीत टॉम बहुधा केनेथ म्यूझचा, पिसाळलेला आयर्व्हन स्पेन्सचा. सात-आठ मिनिटांचं कार्टून तिघा-चौघांत वाटलेलं असायचं. नमुन्याची चित्रं सगळ्यांना तीच, तरी फरक दिसतोच. शाळेत बाई नाव न बघता अक्षरावरून वही कोणाची ते सांगायच्या ना, तसंच.

यांची नावं सुरुवातीच्या पाटीवर असायची तरी. (ऑस्कर मात्र सातही निर्माते फ्रेड क्विंबी यांच्या नावावर. दिग्दर्शक हॅना आणि बार्बेरा यांनाही नाही, बाकीच्यांचं तर सोडाच.)

वॉर्नर ब्रदर्समध्ये आणखी मजा. तिथे बरीच वर्षं एका कार्टूनवर एकाच ॲनिमेटरचं नाव यायचं, तेही पाळीपाळीने. १९४० चं ‘अ वाइल्ड हेअर’ घ्या, ज्यात बग्ज बनी खऱ्या अर्थाने बग्ज बनी झाला. पडद्यावर ॲनिमेटर एकच, व्हर्जिल रॉस. काम केलेले इतरही होते, रॉबर्ट मॅकिम्सन त्यातलाच एक. आता हे वेगळे कसे काढायचे? मॅकिम्सनचं पात्र भरीव असतं, मातीतून घडवल्यासारखं, बोलताना मान तिरकी आणि हात जागच्या जागी. रॉसचे हातवारे मऊ, चेहरा बोलका. आणि रॉड स्क्रिब्नर आला की विचारूच नका, सुरकुत्या, थरथरते गाल, तोंडात मावणार नाहीत एवढे दात. एकदा डोळा बसला की ओळखायला पाटी लागत नाही.

अभ्यासकांनी नेमकं हेच केलं. मायकेल बॅरियरसारख्यांनी म्हाताऱ्या ॲनिमेटरांना गाठून मुलाखती घेतल्या, स्टुडिओत कोणता प्रसंग कोणाकडे होता त्याचे जुने कागद मिळाले तिथे ताडून पाहिले. नाहीतर ती नावं गेलीच होती.

कारण डिस्नीकडे, जिथे सगळ्यात जास्त पैसा आणि कौतुक होतं, तिथे तीसच्या दशकातल्या लघुपटांवर नाव एकच: वॉल्ट डिस्नी. १९३४ च्या ‘प्लेफुल प्लूटो’मध्ये प्लूटो माशा पकडायच्या चिकट कागदात अडकतो. आधी नाक, मग पाय, मग बूड. कुत्रा विचार करतोय हे त्यात दिसतं, आणि म्हणून तो प्रसंग आजही शिकवला जातो. काढला नॉर्म फर्ग्युसनने. चित्रकलेचं रीतसर शिक्षण न घेतलेला माणूस. पडद्यावर त्याचं नाव नाही.

गूफीला चाल आणि स्वभाव देणारा आर्ट बॅबिट भरपूर पगार घेत होता, तरी युनियनमध्ये उतरला. त्याला काढलं, आणि २९ मे १९४१ ला डिस्नीच्या दारात संप सुरू झाला. पगारातली तफावत ही मोठी तक्रार होतीच, पण पडद्यावर नाव नाही हीसुद्धा होती. डिस्नींनी यामागे कम्युनिस्ट असल्याचं म्हटलं. ओळखीचं वाटतंय ना?

आता माझी एक अडचण सांगतो. शैली ओळखता येते ती मुख्य ॲनिमेटरची. त्याच्या दोन चित्रांच्या मधली चित्रं भरणारी पोरं होती. त्यानंतर पारदर्शक सेलवर शाईची रेघ ओढणाऱ्या आणि मागून रंग भरणाऱ्या, त्या बहुतेक बायका, पगार सगळ्यात कमी. त्यांच्या कामाची अटच ही की स्वतःचा हात दिसता कामा नये. प्लूटोची ती रेघ मी परवा पुन्हा थांबवून थांबवून पाहिली. अभिनय फर्ग्युसनचा, हे सांगता येतं. पडद्यावर दिसते ती शाई मात्र त्याच्या हातची नाही. कोणाची, ते कितीही थांबवलं तरी दिसत नाही.