दुरुस्तीचं पुस्तक कुणासाठी?

मोटरसायकल दुरुस्तीच्या पुस्तकांचा इतिहास मला गाडी खोलायचा हक्क कुणाला, याचा इतिहास वाटतो.

ब्रिटनच्या हवाई दलातल्या जॉन हेन्स यांनी एडनमध्ये मित्राची स्प्राइट कार दुरुस्त करायला घेतली. कंपनीचं मॅन्युअल सामान्य मालकाच्या फारसं उपयोगाचं नव्हतं. मग त्यांनी इंजिन खोललं आणि पायरीपायरीचे फोटो काढत परत जोडलं. १९६६ साली त्या गाडीचं पुस्तक निघालं; पुढे मोटरसायकलींचीही आली.

आपल्याकडे १९५५ पासून मद्रासला बुलेट बनू लागली. तिचं इंजिन कित्येक दशकं फारसं बदललं नाही, त्यामुळे वडिलांच्या वेळचं मॅन्युअल मुलाच्या गाडीलाही चालायचं. फीलर गेजने पॉइंटचा गॅप बघा, टॅपेट सेट करा, झालं.

२०२० मध्ये बीएस-६ आलं आणि बहुतेक गाड्यांत फ्युएल इंजेक्शन बसलं. आता बिघाडाचा कोड ईसीयूत असतो आणि त्याचा छडा लावायला स्कॅनर लागतो. मी सॉफ्टवेअर लिहितो. कुठली माहिती कुणाला दिसावी हे कुणीतरी ठरवलेलं असतं, हे रोज बघतो. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या विषयांत वाहनंही आहेत. माझी मागणी साधी आहे: त्या कोडचे अर्थ गाडीसोबत छापून द्या. पाना आमच्याकडे आहे.