सी ड्राइव्हचा गाळा

भिवंडीत गाळा म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. मागाचा गाळा, गोदामाचा गाळा. एकात पाय ठेवायला जागा नाही, शेजारचा रिकामा, आणि मधे भिंत... हे इथे रोजचंच. ओळखीतल्या ऑफिसांमधले संगणक बघणं हा माझा रविवारचा उद्योग (इंजिनिअर म्हणजे फुकटचा मेकॅनिक, दुसरं काय!), आणि तिथेही तक्रार हीच निघते. अपडेट होत नाही. उघडून बघावं तर सी ड्राइव्ह लाल, डी आणि ई जवळजवळ रिकामे. मग ही भिंत घातली कुणी आणि कशाला?

त्यासाठी थेट १९८३ मध्ये जावं लागतं. त्या वर्षी मार्चमध्ये आयबीएमने पीसी-एक्सटी आणला. हार्डडिस्क १० एमबीची (आज मोबाइलवरचे दोन-तीन फोटो). सोबतच्या डॉस २.० ने डिस्कच्या पहिल्याच ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये ६४ बाइटचा एक तक्ता ठेवला. त्यात चार नोंदी, म्हणजे चार गाळे. एका डिस्कवर वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम नांदाव्यात एवढाच हेतू. पुढे डिस्क मोठ्या झाल्या, पण डॉसला एका पार्टिशनमध्ये ३२ एमबीच्या वर झेपेना, म्हणून १९८७ च्या डॉस ३.३ मध्ये एक्सटेंडेड पार्टिशन आलं. नंतर मर्यादा २ जीबीवर गेली, तर फॅट१६ ची वेगळीच खोड. २ जीबीच्या पार्टिशनला क्लस्टर ३२ केबीचा, म्हणजे चार ओळींची चिठ्ठी सेव्ह केली तरी ३२ केबी गेले! तेव्हा डिस्कचे तुकडे पाडणं हा अडाणीपणा नव्हता, काटकसर होती. १९९६ मध्ये फॅट३२ आलं आणि ती गरज बरीचशी संपली.

सवय मात्र राहिली, आणि आपल्याकडे तिला नवं कारण मिळालं. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेला पीसी, ४० किंवा ८० जीबीची डिस्क, सी-डी-ई-एफ असे चार ड्राइव्ह. आठवतंय ना? २००१ च्या एक्सपीला दीड जीबी जागा पुरायची, त्यामुळे सीला दहा-पंधरा जीबी दिले की जोडणारा मोकळा. व्हायरस आला की सी फॉरमॅट मारायचा, डीवरची टॅली आणि लग्नाचे फोटो शाबूत. माझ्या मते पद्धत उत्तमच होती, फक्त विंडोज वाढणार नाही असं तिनं धरलं होतं.

विंडोज तर वाढतच गेलं. २००९ च्या विंडोज ७ ला किमान १६ जीबी, २०१९ च्या विंडोज १० च्या आवृत्तीला ३२, २०२१ च्या विंडोज ११ ला ६४. शिवाय अपडेट उतरवायला, उलगडायला आणि ते परत काढता यावं म्हणून जुनं बाजूला ठेवायला एकाच वेळी जागा लागते. इथली बरीच मशिनं इंटरनेटशिवाय नुसती हिशेब करत होती, तोवर निभावलं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, २०१८ मध्ये ई-वे बिल. गाडी गोदामातून सोडायची तर संगणक ऑनलाइन हवा, आणि ऑनलाइन म्हटल्यावर सुरक्षेची अपडेटं टाळून चालत नाही.

पण त्या जोडणाऱ्या पोराला हसू नका. खुद्द मायक्रोसॉफ्टने तेच केलं! विंडोज ७ बसवताना ते १०० एमबीचं एक छुपं पार्टिशन काढायचं. विंडोज ८ ला ते ३५० झालं, १० ला सुमारे ५००. दर वेळी आधीचं अपुरं पडलं म्हणूनच ना? मग ९ जानेवारी २०२४ ला केबी५०३४४४१ हे अपडेट आलं. रिकव्हरीच्या वाटेने बिटलॉकरचं कुलूप चुकवता येत होतं, ते छिद्र बुजवायला. त्याला रिकव्हरी पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळे हवे होते. सीवर शेकडो जीबी रिकामे असले तरी उपयोग शून्य, भिंतीपलीकडे ना! बरं, 'जागा कमी आहे' असं तरी सांगावं? तर नाही. ०एक्स८००७०६४३ असा मोघम कोड. तो चुकीचा दाखवला जातोय हे कंपनीनेही मान्य केलं. ज्यांनी बिटलॉकर कधी लावलंच नाही, त्यांच्याही पडद्यावर तोच. एप्रिल २०२४ च्या अखेरीस कंपनीने सांगून टाकलं की आपोआप दुरुस्ती येणार नाही, हाताने करा. म्हणजे गोदामातल्या दिवाणजींनी डिस्कपार्टच्या काळ्या खिडकीत कमांड टाइप करायच्या! मला हे अजिबात पटत नाही.

असो. करायचं काय? सी भरलेला असेल तर आधी डिस्क क्लीनअपमधून सिस्टिम फाइल्स आणि जुनं विंडोज काढा, हायबरनेशन बंद करा. पुष्कळदा एवढ्यावर भागतं. नाहीच भागलं तर भिंत हलवायची. पण सी वाढतो तो फक्त त्याच्या लगेच उजवीकडची जागा रिकामी असेल तरच, आणि तिथे नेमका डी बसलेला. डी एक्सटेंडेडमध्ये असेल (जुन्या मशिनमध्ये बहुधा असतोच) तर डी, ई, एफ तिन्ही पाडल्याशिवाय विंडोजच्या स्वतःच्या साधनांनी ती जागा सीला मिळत नाही. रिकव्हरीचं उलटं. तिथे रिएजंटसीने रिकव्हरी बंद करायची, सी २५० एमबीने आखडायचा, जुनं पार्टिशन पाडून सीच्या मागे मोठं बांधायचं आणि रिकव्हरी परत चालू करायची. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर १९८३ चा चार नोंदींचा नियम अजून लागू आहे, तेव्हा तक्ता आधीच भरलेला नाही ना तेही बघा.

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि यातल्या पुष्कळ मशिनवर ११ अधिकृतपणे चढत नाही. ती काही काळ अशीच चालवायची असतील, तर कुठल्याही भिंतीला हात लावण्याआधी डी, ई, एफ सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. टॅलीचा फोल्डर सगळ्यात आधी, आणि कॉपी झाल्यावर तो दुसऱ्या मशिनवर उघडतोय का ते बघूनच पुढे जा.