नेत्रचलन उपचार : ईएमडीआर

मानसिक आघाताच्या आठवणीवर काम करणारी मानसोपचार पद्धती. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिन शापिरो (1948–2019) यांनी ती मांडली. 1987 मध्ये बागेत फिरत असताना, डोळे भराभर इकडून तिकडे फिरले की मनातल्या त्रासदायक विचारांची धार कमी होते, असे त्यांच्या ध्यानात आले, अशी तिची जन्मकथा सांगतात. पहिला अभ्यास 1989 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अवघे 22 रुग्ण होते. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये आघातोत्तर ताणविकृतीवरील उपचारांत तिची शिफारस केली.

उपचाराचे टप्पे आठ असले, तरी लोकांच्या लक्षात राहतात ते हलणारे डोळेच. प्रत्यक्षात आधी पूर्वेतिहास घेतला जातो, घाबरगुंडी उडाल्यावर स्वतःला सावरायचे कसे हे शिकवले जाते आणि मगच आठवणीला हात घातला जातो. समजा, पहाटे कोसळलेल्या इमारतीतून वाचलेली एक बाई आहे. सर्वांत बोचणारे दृश्य कोणते, ते आठवताच स्वतःविषयी मनात काय येते, त्रास शून्य ते दहात किती आणि तो शरीरात कुठे जाणवतो, हे तिला विचारतात. ‘सात. इथं, गळ्यात,’ असे ती सांगते. मग उपचारक तिच्या चेहऱ्यासमोर दोन बोटे डावी-उजवीकडे फिरवतो. मान न हलवता तिने नजर त्यांच्यामागे न्यायची. अर्ध्या मिनिटाने हात थांबतो. ‘आता काय येतंय?’ एवढाच प्रश्न. असे फेरे तास-दीड तास चालतात. सगळी हकीकत तपशीलवार सांगण्याची सक्ती नसते. उपचारक आणि रुग्ण यांची भाषा एकच असेल असे नाही; म्हणून मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू अशा अनेक भाषा बोलणाऱ्या, ठाणे जिल्ह्यातील भिवंडीसारख्या शहरात ही सोय लहान नव्हे.

एका मतानुसार, आठवण आणि बोटांचा पाठलाग ही दोन कामे मनाला एकाच वेळी झेपत नाहीत, म्हणून दृश्य फिके पडते. टीकाकारांना हे पटत नाही. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मॅकनॅली यांनी 1999 मध्ये या पद्धतीची तुलना थेट अठराव्या शतकातील वैद्य मेस्मेर यांच्या मेस्मेरिझमशी केली. उपचाराने गुण येतो याचे पुरावे भक्कम आहेत. त्यात डोळ्यांचा वाटा किती, यावरचा वाद मात्र मिटलेला नाही.

भारतात 26 जानेवारी 2001 च्या गुजरात भूकंपानंतर परदेशी प्रशिक्षकांकरवी ही पद्धत रुजली. तिच्या प्रसारात मुंबईच्या मानसशास्त्रज्ञ सुषमा मेहरोत्रा यांचा मोठा वाटा आहे. मुलांच्या गटासाठी बोटांऐवजी ‘फुलपाखरू मिठी’ वापरतात : हात छातीवर फुली करून खांद्यांवर आळीपाळीने हलक्या थापट्या. मेक्सिकोतील 1997 च्या पॉलीन चक्रीवादळातून वाचलेल्या मुलांसोबत काम करताना ती सापडली.

भिवंडीत आघातांची वानवा कधीच नव्हती. 1970 ची दंगल झाली, तेव्हा आघातोत्तर ताणविकृती हे निदानच अमेरिकी निदानग्रंथात आलेले नव्हते. ते आले 1980 मध्ये. 1984 च्या दंगलीच्या वेळी निदान होते, ही पद्धत नव्हती. पुढे 21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत झोपलेल्या कुटुंबांवर कोसळली. चाळीसच्या आसपास माणसे गेली. 29 एप्रिल 2023 रोजी भिवंडी तालुक्यातील वळ येथे खाली गोदाम आणि वर बिऱ्हाडे असलेली इमारत पडली.

इथे या पद्धतीची मर्यादा दिसते. ती मुख्यतः होऊन गेलेल्या प्रसंगावर चालते. वाचलेला माणूस पुन्हा दुसऱ्या धोकादायक इमारतीतच राहायला गेला आणि भिंतीचा तडा पाहून रात्री दचकून उठू लागला, तर त्या दचकण्याला विकार म्हणणे चूक; ती भीती खरी आहे आणि तिच्यावरचा इलाज महापालिकेच्या बांधकाम खात्याकडे आहे. उपचारकाने हा फरक पहिल्याच टप्प्यात, पूर्वेतिहास घेताना करायचा असतो. प्रशिक्षणाविना, चित्रफीत पाहून कुणी बोटे फिरवू लागला, तर नेमके हेच राहून जाते. शिवाय सावरण्याची तयारी न करता उकरलेली आठवण रुग्णाला अधिक अस्वस्थ करून सोडते.

भिवंडीकरांना जवळचे मोठे सरकारी केंद्र म्हणजे 1901 पासूनचे ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय. ऑक्टोबर 2022 पासून टेलि-मानस या सरकारी दूरध्वनी सेवेच्या 14416 या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.